उंबरदरीच्या घुट्याच्या परिणामकारकतेबाबत

सेनगाव तालुक्यातील उंबरदरी या गावात एका वर्षी कार्तिकात सतरा घरांत पाळणे बांधले गेले. त्याच्या आदल्या वर्षी, बाराही महिने मिळून, तीन घरांत बांधले गेले होते. उडदाचे घुटे गावात सर्वांत जास्त ज्या घरात खाल्ले जाते, त्या शकुबाई गरड यांच्या घरात पाळणा बांधला गेला नाही.

घुटे म्हणजे उडदाची डाळ शिजवून, लाकडी रवीने घोटून, तिला लसूण, हिरवी मिरची, जिरे आणि खोबरे यांची फोडणी दिलेला पदार्थ. भाकरीबरोबर तो उत्तम लागतो. त्याची दुसरी कीर्ती अशी की तो पुरुषाच्या अंगी विशेष बळ आणतो. या कीर्तीत घुटे एकटे नाही. हिंगोली जिल्ह्यात तीच कीर्ती शेवग्याच्या शेंगेला तिच्या आकारामुळे, पांढऱ्या कांद्याच्या रसाला त्याच्या वासामुळे आणि स्टेशनकडच्या एका पानाला, ते देताना पानवाला ज्या नजरेने पाहतो त्या नजरेमुळे, मिळालेली आहे. उडदाचा दावा मात्र यांच्यापेक्षा भक्कम आहे, कारण उडीद पचायला जड असतो. जे पोटाला झेपत नाही ते बाकीच्या शरीराला उपकारक असते, हा सिद्धांत जिल्ह्यात सर्वमान्य आहे, आणि त्याला विरोध करणारा माणूस अद्याप लग्नाच्या पंगतीत आढळलेला नाही.

कार्तिकातल्या पाळण्यांची बातमी हिंगोलीतील एका मोबाइल वाहिनीला लागली. वाहिनी म्हणजे एक तरुण आणि त्याचा मोबाइल. तो उंबरदरी फाट्यावर उतरला, चाँद पाशा यांच्या हॉटेलात शिरला आणि समोर जो दिसला त्याच्या तोंडापुढे त्याने मोबाइल धरला. समोर माऊली होता. तो नुकताच बाप झाला होता आणि घुटे-भाकरी खात होता. पलीकडच्या बाकावर त्याचे वडील चहा पीत होते.

"गावात येवढे पाळणे काहून हलून राहिले, भाऊ?"

माऊलीने वडिलांकडे पाहिले. मग ताटाकडे पाहिले.

"घुटं," तो म्हणाला.

वडिलांनी मान डोलावली. उरलेल्या सोळा बापांनीही पुढे विचारले असता हेच उत्तर दिले. उत्तर देण्याआधी त्यांच्यापैकी प्रत्येकाने घरातल्या वडीलधाऱ्या माणसाकडे एकदा पाहून घेतले, याकडे त्या वेळी कोणाचे लक्ष गेले नाही.

चित्रफीत प्रसृत झाल्यावर फाट्यावर वाशीम, परभणी आणि नांदेडकडच्या गाड्या थांबू लागल्या. काही पाहुणे नुकतेच लग्न झालेले होते. बरेचसे असे होते की ज्यांची नातवंडे गाडीत मागे बसलेली होती. जेवढी गर्दी वाढली तेवढे हॉटेल शांत होत गेले, कारण घुटे खाताना कोणी कोणाशी बोलत नसे. शिवाय त्या हिवाळ्यात असेही दिसून आले की हिंगोली जिल्ह्यात घुटे कोणीही स्वतःसाठी नेत नाही. प्रत्येक पार्सल पाहुण्यासाठी, साडूसाठी किंवा ऑफिसातल्या एका माणसासाठी होते.

यथावकाश दोन शासकीय कार्यालयांनी दखल घेतली. पहिल्याचे काम कुटुंबे लहान ठेवण्याचे होते. उंबरदरीने त्याच्या वर्षभराच्या आलेखाला उभी शेंडी फोडल्यामुळे घुट्यावर निर्बंध घालावेत, असे त्याचे म्हणणे पडले. दुसऱ्याचे काम स्थानिक पदार्थांना मानांकन मिळवून देण्याचे होते. घुट्याचा देशभर प्रसार व्हावा, असे त्याला वाटले. एकाला घुटे थांबवायचे होते आणि दुसऱ्याला वाढवायचे होते, तरी एका मुद्द्यावर दोन्ही कार्यालयांचे संपूर्ण एकमत होते: घुटे काम करते. त्याशिवाय दोघांनाही काम उरत नव्हते.

म्हणून त्रिसदस्य समिती नेमण्यात आली. पहिल्या कार्यालयाकडून निलम मॅडम, दुसऱ्याकडून धनसिंग राठोड आणि शास्त्रीय सदस्य म्हणून मी. मी प्राणिशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक आहे. समितीत शास्त्रज्ञ असावा अशी अट होती आणि मी हिंगोलीत रिकामा होतो. घुट्याच्या परिणामकारकतेची कारणे शोधावीत, असा आदेश होता. परिणामकारकता आहे काय, हा प्रश्न समितीच्या कार्यकक्षेबाहेर ठेवण्यात आला होता.

प्रथम नमुने घेण्यात आले. पहिला नमुना पाहणीच्या दिवशीच समितीच्या जेवणात संपला. दुसरा धनसिंग घरी घेऊन गेले, पाहुण्यासाठी. तिसरा प्रयोगशाळेत पोचला. तेथून उत्तर आले की नमुना चाचणीस अपुरा पडला असून कर्मचारीसंख्या लक्षात घेऊन तो पुन्हा पाठवावा. चौथ्या नमुन्याचा अहवाल आला. त्यात प्रथिने, पिष्टमय पदार्थ आणि मीठ होते.

"म्हणजे काही सापडलं नाही?" निलम मॅडमनी विचारले.

"मीठ सापडलं," मी म्हणालो. "जरा जास्तच आहे."

चाँद पाशा साठी ओलांडलेले, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ. समितीला त्यांनी कढईजवळ उभे केले आणि झाकण काढून दाखवले.

"बघा साब, बराबर बघा. वालिदच्या वक्तापासून हेच घुटं हाय. तेव्हा लोक हसत येत, हसत जात. आता येतेत आन् डोळ्याला डोळा देत न्हाईत. परवा येक वकीलसाब आले. म्हनले, त्या वेगळ्या कढईतलं द्या. म्या म्हनलं, येकच कढई हाय. तर म्हनले, समजलो, समजलो."

"तुमच्या घरी पाळणा?"

"हाय की. माझ्या फहीमला पोरगं झालं. गुलनाज, माझी सून, दोघं बी खुश. पन त्यात घुट्याचं काय न्हाई. ती दर्ग्याची दुआ हाय."

दुआ प्रयोगशाळेत पाठवता येत नसल्यामुळे समिती पुढे शकुबाईंच्या घरी गेली.

शकुबाईंनी आम्हाला ओसरीवर घोंगडी टाकून बसवले आणि प्रश्न विचारण्याच्या आत घुट्याच्या वाट्या पुढे केल्या.

"आधी खा, मंग बोला. घोटू घोटू माझा खांदा गेला, पर लेकाच्या घरात पाळणा न्हाई. त्यो चाँद पाशा घुट्यात काय टाकतो ते मला येकदा सांगून टाका. इचारलं तर म्हनतो, आपा, मीठ टाकतो."

त्यांचा मुलगा विश्वंभर भिंतीला पाठ लावून बसला होता. सकाळी घुटे, दुपारी घुटे, संध्याकाळी उडदाचा लाडू आणि वरून हळदीचे दूध, असा त्याचा लग्नापासूनचा आहार होता. बोलण्याआधी तो थोडा थांबत असे, आणि त्या वेळात त्याच्या पोटातून काही मतप्रदर्शन होत असे.

"तुम्हाला स्वतःला काही फरक जाणवतो का?" निलम मॅडमनी लेखणी सरसावून विचारले.

"जाणवतो ना, मॅडम," विश्वंभर म्हणाला. "आडवं व्हता येत न्हाई. बसूनच झोपतो."

धनसिंगांनी 'लक्षणीय फरक' अशी नोंद घेतली.

"कागद कधी येनार, साहेब?" शकुबाईंनी मूळ विषयाला हात घातला. "सरकारनं लिहून दिलं का घुटं लागू व्हतं, का मंग माझ्या लेकरात खोट न्हाई. येवढं घुटं त्याच्या पोटात गेलं. मंग खोट इकडं हाय." त्यांनी हनुवटीने आतल्या दाराकडे निर्देश केला. तेथे त्यांची सून पुनम पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. "कळमनुरीला पोरगी पाहून ठेवली म्या. त्यायनं सांगितलं, कागद येऊ द्या. कागद आला का हिला माहेरी घालते."

विश्वंभर काहीतरी बोलणार होता, परंतु पोट आधी बोलले.

पुनमने तांब्या माझ्यापुढे ठेवला. "तुमचा कागद लवकर येनार का उशिरा, सर?"

"का हो?"

"माहेरी काय न्यायचं ते ठरवाया. रवी नेनार न्हाई, येवढं ठरलं."

त्या क्षणापर्यंत हे काम मला विनोदी वाटत होते. आता समोर असे चित्र होते की समितीने घुट्याला उत्तीर्ण केले, तर ही बाई अनुत्तीर्ण होणार होती. कढईची परीक्षा होती आणि निकाल पुनमचा लागणार होता.

रवी, पातेले आणि उडदाची साठवण पाहण्यासाठी मी आतल्या खोलीकडे वळलो आणि माझी नडगी कशावर तरी जोरात आदळली. दाराला लागून, उंबरठ्यासमोर आडवी, एक सुतळीची बाज टाकलेली होती. आत जाण्यासाठी ती ओलांडावी लागत होती. दाराला कडी नव्हती.

"ही बाज इथे कशी?"

"तिथंच असती ती. लगीन झालं तवापासून."

"हिच्यावर कोण झोपतं?"

"मीच. दुसरं कोन?" शकुबाई म्हणाल्या. "घुटं लागू झालं का न्हाई ते कळाया नको? मधून मधून इचारते की, इश्वंभर, काई वाटून राहिलं का रे?"

"मग तो काय म्हणतो?"

"काईच बोलत न्हाई. म्हून दुसऱ्या दिशी जास्त घोटते."

"आणि दाराला कडी का नाही?"

"कडी काहून पाहिजे? बाज हाय की."

मी वाकून नडगी चोळली. पुनम चुलीकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते. ती रडत होती की हसत होती, याची शहानिशा मी केली नाही.

सरपंच हरिचंद पारावर भेटले. इतर घरांत बाज कोठे असते, असे मी त्यांना विचारले.

"समद्या गावात तिथंच, सर. थंडीत म्हातारं मानूस आतल्या दारापाशी झोपतं. वारा लागत न्हाई तिथं. आमची माय बी तिथंच."

"गेल्या माघातही तिथेच?"

सरपंच हसले. "माघात गावात म्हातारं होतं कोन?"

मग सगळे कळले. निवडणूक जवळ आली असे समजून जिल्हा परिषदेच्या एका भावी सदस्याने गावातील साठीपुढच्या सर्वांना देवदर्शनाला पाठवले होते. हिंदूंची बस काशीला आणि तेथून रामेश्वरला गेली, मुसलमानांची गाडी अजमेरला. सर्वधर्मसमभाव पूर्ण होता. गाड्या वाटेत असतानाच निवडणूक पुढे ढकलली गेली. नेण्याची व्यवस्था झालेली होती. आणण्याचे मात्र आश्वासन होते. अख्खा माघ उंबरदरीची वडीलधारी मंडळी पुण्य साठवत बाहेर राहिली आणि फाल्गुनात मिळेल त्या वाहनाने परतली. माघापासून मोजले तर कार्तिक येतो. हे गणित करायला प्राणिशास्त्र लागत नाही.

"अजमेरच्या गाडीत चाँद पाशाही होते?"

"मंग काय. म्हनून तर हॉटेल बंद होतं महिनाभर. चावी त्यायच्या कमरेला."

म्हणजे ज्या महिन्यात घुट्याने हा पराक्रम केला, त्या महिन्यात गावात घुटे विकले जात नव्हते. ते फक्त एका घरात शिजत होते. काशीच्या बसमधली एकच जागा रिकामी गेली होती, आणि ती शकुबाईंची होती. त्या गेल्या असत्या तर विश्वंभरसाठी घोटणार कोण, हा त्यांचा सवाल होता.

परतताना माऊली रस्त्यात भेटला. मी त्याला बाजूला घेऊन विचारले की त्याने खरे कारण का सांगितले नाही. त्याने मागे वळून पाहिले. त्याची आई नातीला कडेवर घेऊन येत होती.

"सर, घरात समदे परत आले नं आता," तो हळू आवाजात म्हणाला. "मायला काय सांगू, तू गेलती म्हून नात झाली, असं? त्यापरीस घुटं बरं. कोनाला राग येत न्हाई."

समितीची अंतिम बैठक हिंगोलीत झाली. मी बाज, कडी, काशी आणि बंद हॉटेल या क्रमाने मांडणी केली. निलम मॅडमनी डोळे मिटून ऐकून घेतले.

"दार," त्या म्हणाल्या. "दार आमच्याकडे येत नाही, सर. पदार्थ असता तर निर्बंध घालता आला असता. सासूबाई घरी नसणं यावर निर्बंध कसा घालणार? उद्या सगळ्या सासूबाईंना घरी थांबण्याचे आदेश काढावे लागतील."

"त्या थांबलेल्याच असतात," मी म्हणालो.

"आन् दाराला मानांकन मिळत न्हाई," धनसिंग म्हणाले. "दार समद्या जिल्ह्यात असतं. उंबरदरीचं येगळं काय?"

"पण त्या महिन्यात गावात घुटं नव्हतंच, धनसिंगराव."

"तेच तर, सर. घुट्याचा गुण अंगात साठून राहतो. खानं बंद झालं का उसळतो. माघात हॉटेल बंद झालं, गावात उसळला."

"आणि विश्वंभर?"

"त्याचं बंद कुठं झालं? त्याचं साठूनच राहिलं."

या स्पष्टीकरणात मला एकही फट सापडली नाही, हे नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल. खाल्ले तरी घुटे, न खाल्ले तरी घुटे. पाळणा हलला तरी घुटे, न हलला तरी घुटे. शास्त्रात अशा स्पष्टीकरणांना फार भितात, आणि शासनात त्यांनाच अहवाल म्हणतात.

दोन विरुद्ध एक मतांनी घुटे परिणामकारक ठरले. परंतु शास्त्रीय सदस्याच्या सहीशिवाय अहवाल निघू शकत नव्हता. निलम मॅडमनी घड्याळाकडे पाहिले. बाहेर व्हरांड्यात शकुबाई कागदासाठी येऊन बसल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी डोक्याला रुमाल बांधलेले कळमनुरीचे दोन गृहस्थ होते. मी सही केली नसती, तर समितीने दुसरा शास्त्रज्ञ शोधला असता. हिंगोलीत रिकामा असलेला मी एकटाच नाही.

"सही करतो," मी म्हणालो. "पण वापराच्या सूचना हव्यात. खताच्या पोत्यावरही असतात."

"बराबर हाय," धनसिंग म्हणाले. "सूचना पाहिजेतच. वजन येतं कागदाला."

मी एकच सूचना लिहिली: 'घुटे घोटणाऱ्या घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीने सेवनकाळात, म्हणजे किमान एक महिना, परगावी मुक्काम करावा. आतल्या दाराला आतून कडी बसवावी.'

"कडी कशासाठी?" निलम मॅडमनी विचारले.

मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात धनसिंगांनीच ते दिले. "गुण उडून जाऊ नये म्हून, मॅडम. उडीद हाय तो."

अहवालातील एकमेव खरी सूचना अशा रीतीने मंजूर झाली.

शकुबाईंना कागद वाचून दाखवण्यात आला. घुटे लागू होते, हे ऐकून त्यांनी कळमनुरीकरांकडे विजयी मुद्रेने पाहिले. सूचना ऐकून त्यांचा चेहरा उतरला, आणि मग एकदम उजळला.

"असं व्हय. आधी सांगायचं की, साहेब. म्हनून लागू झालं न्हाई ते. म्या जवळ बसून गुण अडवून धरला म्हना की." त्या कळमनुरीच्या गृहस्थांकडे वळल्या. "महिनाभर दम धरा. पुढचं पुढं बघू. चला, मी बी येते तुमच्यासंगं. माझी बहीन हाय तिथं."

त्याच हिवाळ्यात, माघ लागताच, त्या बहिणीकडे गेल्या. जाण्यापूर्वी त्यांनी रवी सुनेच्या हातात दिली आणि रोजचे घुटे चुकवायचे नाही असे बजावले. पुनमने ते चुकवले नाही. तिने रोज सकाळी घुटे घोटले आणि म्हशीला घातले. विश्वंभर भाकरी आणि वांग्याची भाजी जेवू लागला आणि दोन-चार दिवसांत आडवा होऊन झोपू लागला. कडी त्याने स्वतः जाऊन हिंगोलीहून आणली.

पुढच्या कार्तिकात पुनमला मुलगी झाली. नाव शकुबाईंनी ठेवले. बारशाला आलेल्या कळमनुरीकरांना त्यांनी घुटे वाढले, आणि ते घरी नेण्यासाठी आणखी मागून घेऊन गेले, पाहुण्यासाठी. पुनम अद्याप उंबरदरीतच आहे. बाज ओसरीत आहे. म्हैसही त्या दरम्यान गाभण राहिली, त्यामुळे गुरांचे काम पाहणाऱ्या कार्यालयाने माझे मत मागवले असून नवी समिती प्रस्तावित आहे. मी अद्याप रिकामाच आहे.

शासनमान्य सूचनेचे पालन म्हणून चाँद पाशा आता प्रत्येक पार्सलबरोबर एक लोखंडी कडी देतात. मी परवा फाट्यावर थांबलो होतो. हॉटेलासमोरच्या चिंचेखाली कड्यांचा गुडघाभर ढीग पडलेला दिसला.

"लोक काय करतेत साब," चाँद पाशा म्हणाले, "घुटं नेतेत आन् कडी टाकून देतेत. वझं होतं म्हनतेत."

समितीच्या अहवालात जे आले नाही ते येथे नोंदवणे माझे कर्तव्य होते. घुट्याची कृती दुसऱ्या परिच्छेदात दिलेली आहे. ती पुन्हा एकदा पाहून घेण्यासाठी जे वाचक आता तिकडे परत जाणार आहेत, त्यांच्याकरिता कारण वेगळे काढून लिहितो: त्या माघ महिन्यात उंबरदरीतील सतरा घरांच्या आतल्या दारापुढे कोणी झोपलेले नव्हते.